निळा गोळा उजवीकडे

सिग्रिडची जीवरसायनाच्या प्रयोगशाळेतली जोडीदारीण ऑक्टोबरात कॉलेज सोडून गेली आणि त्याच दुपारी ल्युंडग्रेन मॅडमनी तिच्या टेबलाशी वेस्लीला आणून बसवलं. चिखलाने भरलेले बूट, टोपीखालून डोकावणारे तांबूस केस आणि तोंड... ते मिनिटभरही बंद नाही!

"तुझ्या रेणूंच्या संचात जास्तीचे काळे गोळे आहेत? माझे दोन हरवले. कार्बनच नाही म्हटल्यावर जीव कशाचा बनवायचा, सांग!"

"आधी बूट पूस," सिग्रिड म्हणाली.

याच विषयात ती गेल्या वर्षी नापास झाली होती. यंदाही झाली, तर नर्सिंगचा प्रवेश कायमचा हुकणार होता. वर प्रात्यक्षिकाचे गुण दोघांना मिळून एकच! तिने कपाळाला हात लावला.

वेस्लीला मासे वाढवायच्या केंद्रात नोकरी करायची होती, त्यामुळे प्रथिनं म्हणा, चरबी म्हणा, गाडी शेवटी ट्राउटच्या अंड्यांवर यायची. "पाण्याचे रेणू बघ, एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात... लाजरे आहेत गं बिचारे!" सिग्रिड त्याच्या हातातून गोळे हिसकावून स्वतः जोडायची. त्याचे हात सुंदर होते. याचा तिला जास्तच राग यायचा.

डिसेंबरात परीक्षा आली. मॅडमची पद्धत विचित्र होती: समोरासमोर बसायचं. एकाने नुसतं सांगायचं, हात पाठीमागे. दुसऱ्याने नुसतं जोडायचं, तोंड बंद. वेळ तीन मिनिटं. सांगणारा "झालं" म्हणाला की टेबलावर असेल ते तपासायचं. चिठ्ठीत सांगणं सिग्रिडला आलं आणि जोडणं वेस्लीला.

बनवायचं होतं अॅलॅनिन हे अमिनो आम्ल, तेही आपल्या शरीरातल्या प्रथिनांत असतं तसंच. त्याच्या आरशातल्या, डावं-उजवं उलट असलेल्या जुळ्यात अणू तेच, बंध तेच, पण प्रथिनं त्याला दारातही उभं करत नाहीत.

"काळा मध्ये. पांढरा तुझ्याकडे तोंड करून. कार्बनची शेपटी वर. निळा उजवीकडे, लाल गोळेवाली फांदी डावीकडे."

वेस्लीने भराभर जोडलं. सिग्रिडने पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. निळा गोळा डावीकडे!

"उजवीकडे म्हटलं मी!"

त्याने मान हलवली... नाही.

"नाही काय? बदल ना! वेस्ली, एक मिनिट राहिलंय!"

तो हलेना. एरवी याला गप्प करायला देव आणावा लागायचा, आणि आज शब्द हवा तर हा ओठ मिटून बसलाय! तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. अख्खं वर्ष या माणसाच्या हट्टापायी जाणार होतं.

वेस्ली उठला. रेणू स्वतःसमोर होता तसाच, हातात जराही न फिरवता, जपून धरत तो टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. रेणूचं तोंड दोघांकडे. पांढरा गोळा समोर. निळा... उजवीकडे.

समोर बसून ती आपली उजवी बाजू मोजत होती.

त्याच्या बाहीचा तिच्या खांद्याला स्पर्श झाला. तिने हळूच म्हटलं, "झालं."

मॅडमनी रेणू निरखून पाहिला आणि वहीत बरोबरची खूण केली.

बाहेर तळ्यावरचा वारा कान कापत होता. सिग्रिड भडकली, "मी बदल म्हटलं, तर का नाही बदललंस? नापास झालो असतो तर?"

"तुझा प्रवेश गेला असता. म्हणून नाही बदललं."

"आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, ते?"

"ते चालतं. तू... म्हणजे आता परीक्षा संपली, आपण जोडीदार नसणार, तर मी म्हणत होतो... शनिवारी... म्हणजे तुला वेळ..."

"अरे, विचार ना एकदाचं!"

"येशील माझ्याबरोबर?"

"कुठे?"

"ते... ठरवलंच नाही. तू हो म्हणशील असं वाटलंच नव्हतं."

"अजून म्हटलंय कुठे!" ती चिडून म्हणाली, आणि आपला हातमोजा काढून तिने त्याचा गारठलेला हात हातात घेतला. "हो. आता चल, मला थंडी वाजतेय. आणि शनिवारपर्यंत थांबवणार आहेस की काय मला?"