बूट काढू नका

"मला खोटारडी ठरवलंय," बोर्गहिल्ड दारातूनच म्हणाली. "बसायला आले नाही मी." आणि कोटही न काढता बसली.

गुद्रुन खाजगी तपासाची कामं घ्यायची. तिचा दीर अस्लाक सोबत असायचा, गाडी चालवायला आणि समोरची गोष्ट सगळ्यांत शेवटी बघायला. त्याने निमूट कॉफी ओतली.

झालं होतं ते असं. बोर्गहिल्डने फ्योर्डच्या खाडीकाठचं आपलं घर वसंतात विकलं. घेणारं जोडपं राहायला आलं, तर तळघराच्या जमिनीला ओल. आता त्यांचा वकील म्हणत होता, म्हातारीने जाणूनबुजून लपवलं, वरून गडद रंग फासला, घर परत घ्या. घर परत घ्यायचं म्हणजे बहिणीशेजारचा नवा फ्लॅट हातचा जाणार. पण बाईला त्याहून झोंबलं होतं ते निराळंच. ती दुकानात शिरली की बोलणाऱ्या बायका गप्प व्हायच्या.

"बर्फ वितळायला लागला की तळघर पाझरतं, हे मी त्या प्रेबेनला पहिल्याच दिवशी सांगितलं," ती म्हणाली. प्रेबेन म्हणजे घर विकून देणारा एजंट. "रंग दे म्हणाला तोच. आता म्हणतो, आजी काही बोललीच नाही. मेल्याची जीभ बघा."

घर दाखवायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिला बाहेर पाठवलं होतं. परत आली तर साबणाने घासून पांढऱ्या केलेल्या पाइनच्या फळ्यांच्या जमिनीवर टाचांचे खड्डे. माझ्या घरात पाद्रीसुद्धा बूट काढून येतो, असं ती बडबडत राहिली. अस्लाकला हसू आलं. गुद्रुनला आलं नाही.

आधी कोल्बेन. घराची तपासणी याने केली होती. तो भर थंडीत गेला होता, जमीन दगडासारखी गोठलेली. यंत्र लावलं, कोरडं दिसलं, तसं लिहिलं. पाझराचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. एवढं सांगून गडी फुगून बसला.

प्रेबेन दुसऱ्याच एका घरी गिऱ्हाइकांना फिरवत होता. दाराशी लोकरी सपातांची टोपली. अस्लाक तसाच आत निघाला, तर त्याने हात आडवा केला.

"बूट काढा, काका. माझ्याकडे नियम सगळ्यांना एकच."

मग तो लोण्यासारखा बोलला. एजंटला जे कळलं ते घेणाऱ्याला कळलंच पाहिजे, असा कायदा आहे, आणि आपला परवाना त्यावरच उभा आहे. पाण्याचं आपल्या कानावर कधीच आलं नाही. दाखवण्याच्या दिवशी आपण स्वतः त्या तळघरात उभे होतो. ठणठणीत कोरडं. इतकी माणसं फिरून गेली, एकाने तरी तक्रार केली का?

शेवटी ते जोडपं, सिंद्रे आणि इडुन. सिंद्रेने तळघरात उतरायला रबरी बूट पुढे केले. गुद्रुन ते न घालता नुसत्या मोज्यांनी उतरली. गडद करड्या रंगावर ओल डोळ्यांना दिसत नव्हती. दोन पावलांत मोजे भिजले.

घर बघायला आलात तेव्हा पायांत काय होतं, एवढंच तिने विचारलं. इडुनच्या पायांत नवे उंच टाचांचे बूट होते. रस्त्यावर नुसता वितळलेल्या बर्फाचा चिखल होता, म्हणून तिला लक्षात होतं. सिंद्रेच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि एजंटच दारात म्हणत होता, बूट काढू नका, काही होत नाही. सिंद्रेला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

रविवारी गुद्रुनने सगळ्यांना त्याच घरी बोलावलं. दाराशी बुटांची रांग लागली. प्रेबेननेही न सांगता आपले काढून ठेवले.

"बघितलंस?" गुद्रुन म्हणाली. "सांगावं लागत नाही. मग त्या एका दिवशी सगळ्या गावाला बूट घालून का फिरवलंस?"

"विसरतो माणूस."

"विसरलेला माणूस गप्प असतो. तू दारात उभं राहून सांगत होतास. त्या दिवशी बर्फ वितळत होता. ओल रंगात दिसत नाही, बुटातून लागत नाही. पण मोजा दोन पावलांत सांगतो."

प्रेबेन म्हणाला, समजा सकाळी मला ओल कळली. म्हणून काय आजीने आधी सांगितलं होतं असं ठरतं?

"सकाळी कळली तरी घेणाऱ्यांना सांगायचं होतंस. कायदा तूच मला ऐकवलास. आणि तिने लपवलेलं तुला अचानक सापडलं असतं, तर आधी तिच्यावर भडकला असतास. तू ब्र काढला नाहीस. कारण तुला ते नवं नव्हतं. कोल्बेनला माहीत नव्हतं, या दोघांना नव्हतं. मग सांगणारं उरतं कोण?"

सगळ्यांनी बोर्गहिल्डकडे पाहिलं. अस्लाकनेही, जरा उशिराने.

प्रेबेनचा आवाज उतरला. आजी, आपसांत मिटवू, माझा परवाना जाईल, म्हणाला.

"मिटवायला मी काय भांडण काढलंय?" बोर्गहिल्ड म्हणाली. "परवाना देणाऱ्यांसमोर बोल. मी पहिल्या खुर्चीत बसणार आहे. ऐकायला."

सिंद्रे ओशाळून म्हणाला की वकिलाला आजच थांबवतो. आणि हे टाचांचे खड्डेही घासून काढतो.

"हात लावू नकोस," बोर्गहिल्ड म्हणाली. "राहू देत. कुणी विचारलं तर सांग, बोर्गहिल्डच्या घरात लोक बूट घालून शिरले ते एकदाच. तेही ती घरात नव्हती म्हणून."