शेवंतीला ट्रकमध्ये चढवताना

चार्टर्ड बस गचकन थांबली आणि वैभवीच्या मांडीवरचा डबा खाली पडला. गुडगावच्या नव्या रस्त्यावर, अर्धवट उभ्या टॉवरांच्या मधोमध, एक पांढरी घोडी आडवी उभी होती. धुक्यातून एक तरुण धावत आला. त्याने ड्रायव्हरची हिंदीत माफी मागितली. मग घोडीच्या कानाशी वाकून म्हणाला, "अगं शहाणे, लोकांना ऑफिस असतं गं..."

वैभवीने खिडकी सरकवली. "घोडीला मराठी कळतं?"

तो दचकला, मग हसला. "काय माहीत. पण इथे ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं."

त्याचं नाव धीरज. नगरहून यूपीएससीसाठी दिल्लीला आलेला. सगळे प्रयत्न संपल्यावर घरी तोंड दाखवायला नको म्हणून इथल्या रायडिंग स्कूलमध्ये मुलांना शिकवत राहिला होता. हे तिला पुढच्या शनिवारी कळलं, कारण हाफ-डे संपल्यावर ती तबेला शोधत गेलीच.

"बसायचंय?"

"बसायचंय."

"मग आधी खूर." त्याने तिच्या हातात एक आकडी दिली. "पायावरून हात खाली न्या... उचलेल ती. टाचेकडून पुढे साफ करा. मधल्या मऊ भागाला टोचू नका."

"मला वाटलं, आधी बसवतात."

"आधी ओळख, मग बसणं. लग्नासारखं —" तो अडखळला. "म्हणजे... आमच्याकडे तसं असतं."

"आमच्याकडेही," वैभवी खुरातला चिखल काढत म्हणाली. मान वर करायचं मात्र तिने टाळलं.

त्या हिवाळ्यात ती खरारा करायला शिकली, खोगिराचा तंग आवळायला शिकली, तळहात सपाट ठेवून गूळ द्यायला शिकली. शेवंतीला, म्हणजे त्या पांढऱ्या घोडीला, दोर धरून चालवायला मात्र जमेना. शेवंती जागची हलायची नाही.

"तिच्या तोंडाकडे बघून ओढताय," धीरज म्हणाला. "अशाने ती पाय रोवते. दोर सैल सोडा आणि जायचंय तिकडे बघा."

"आणि नाही आली तर?"

"तर मी आहे ना मागे."

हे तो फार हळू म्हणाला. घोडीला म्हणाला की तिला, हे वैभवीने विचारलं नाही.

फेब्रुवारीत स्कूलची जमीन बिल्डरने घेतली. तरुण घोडे लगेच विकले गेले. शेवंती म्हातारी, पुढचा पाय सुजलेला. लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवणारा एक जण मात्र तिला न्यायला तयार होता. रंग पांढरा, त्याला तेवढं पुरे होतं. इतक्यात धीरजला पुण्याजवळच्या स्टड फार्मवर नोकरी मिळाली. तो येत असेल तर शेवंतीलाही चरायला जागा देऊ, असं मालक म्हणाले.

"तुम्ही... याल का?" त्याने शेवंतीची चंदी भिजवता भिजवता विचारलं.

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये वैभवीचे बाबा अर्धांगवायूने पडून होते. दिवसा बाई असायची. संध्याकाळी त्यांना कुशीवर वळवायला वैभवीशिवाय कोणी नव्हतं.

"बाबांचं कसं होईल, धीरज?"

"मग मी थांबतो."

"आणि शेवंती?"

त्याने चंदीत पुन्हा हात घातला. मग म्हणाला, "ती ट्रकला घाबरते. चढली तर जाईन. नाही चढली... तर राहीन."

रविवारी सकाळी ट्रक आला. फळी टाकली, आत भुसा पसरला. धीरज दोर धरून उलटा उभा राहिला आणि शेवंतीच्या डोळ्यांत बघत ओढू लागला. शेवंतीने पाय रोवले. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"अरे भाई, जल्दी करो," ड्रायव्हर वैतागला.

वैभवी बघत राहिली. इतका जाणता माणूस अशी चूक कशी करेल... आणि मग तिला कळलं. त्याला शेवंतीला चढवायचंच नव्हतं. त्याने आजवर तोंडाने जे सांगितलं नव्हतं, ते तो त्या दोराने सांगत होता.

तिच्या छातीत काहीतरी गोड, काहीतरी फार दुखरं हललं. ती नुसती उभी राहिली असती, तरी तो इथेच राहिला असता.

शेवंतीने सुजलेला पाय उचलून धरला होता. त्यावर भार टाकवत नव्हता तिला. इथे राहिली, तर याच पायावर तिला वराती काढाव्या लागणार होत्या.

"द्या इकडे," वैभवी म्हणाली.

"वैभवी, नको."

"द्या."

तिने दोर सैल सोडला, शेवंतीकडे पाठ केली आणि समोरच्या भुशाकडे बघत फळीवर पाऊल टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागे लाकडावर टाप वाजली. आणखी एक. मानेवर ऊन श्वास आला.

दोर बांधून ती उतरली, तेव्हा धीरज फळीला टेकून उभा होता.

"तुम्हाला फार चांगलं शिकवलं मी," तो म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कसं ओढत होता ते."

"मग?"

"मग काय... तिचा पाय बघितलात ना?"

त्याने मान हलवली. "माझं तुमच्यावर —"

"माझंही. बसा आता. उन्हाच्या आत पुढे जा, तिला त्रास होईल."

ट्रक धुळीत दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच होती. मग दोन बस बदलून घरी आली. बाबांना कुशीवर वळवताना त्यांनी नाक आक्रसलं.

"हाताला कसला वास येतोय गं?" त्यांनी जडावलेल्या जिभेने विचारलं.

"घोडीचा, बाबा. धुते."

त्यांच्या पाठीशी तिने उशी नीट लावली, पांघरूण ओढलं. मग पलंगाच्या कडेला बसून राहिली, दोन्ही तळहात उघडे ठेवून. नळ तिथून चार पावलांवर होता. उठवत नव्हतं.