आतून पाहिले

१. पाहणीचा दिनांक व ठिकाण

सोमवार, ११ मार्च २०१९. तलासरी तालुक्याच्या पूर्वेकडचा एक पाडा, त्रेसष्ट घरं.

नोव्हेंबरपासून इथली जमीन हलत होती. मोठं काही नाही. कौलं खडखडायची, हंड्यातलं पाणी डचमळायचं, पण कधी कधी दिवसातून तीनदा. लोक रात्री अंगणात प्लास्टिकच्या तंबूत झोपत. मी कनिष्ठ अभियंता. घरात जायचं, भिंतीवर नाण्याने ठोकत पुढे सरकायचं, पोकळ आवाज आला तर थांबायचं, फॉर्म भरायचा. घर राहण्याजोगं असेल तर दारावर निळ्या रंगाने गोल, नसेल तर फुली. शेजारी घराचा क्रमांक.

ठोकायला मला वडिलांनी शिकवलं. ते गवंडी होते. चुकलो तर तेच नाणं माझ्या डोक्यावर ठोकायचे.

जीप लाहू चालवायचा. तो झाईचा, समुद्राकाठचा. पाड्यावरच्यांना म्हणायचा, "तुमची जमीन पण होडीच झाली की रे."

२. घर क्रमांक व कुटुंबप्रमुख

सदतीस. धाकल्या. मातीत रचलेल्या विटांचं घर, बाहेरून तीन भिंती बऱ्या. मधली भिंत आत.

दारात त्याची बायको सुकी उभी होती. थोरल्या पोराचं लग्न होतं. आत बायका गात होत्या.

"साहेब, आत भिंतीवर लग्नाचा चौक लिहिलाय," ती म्हणाली. "झाकून ठेवलाय. देव अंगात येईस्तोवर परक्याने बघायचा नाही. उद्या या ना."

"आत सगळं ठीक आहे ना?"

"कालच सारवली भिंत. नवीकोरी दिसते."

उद्या मला अच्छाडला दुसरं काम होतं. मी ओट्यावर बसून फॉर्म भरला. 'आतून पाहिले' या रकान्यात 'होय' लिहिलं. दारावर गोल काढला.

धाकल्याची म्हातारी आई, चिमी, ओट्याच्या कोपऱ्यात बसून ते बघत होती. "गोल म्हणजे चांगलं ना, बाबा?"

"चांगलं, आजी."

३. नुकसानीचा तपशील

लग्न पार पडलं. गोल बघून त्यांनी तंबू सोडला.

मंगळवारी, २६ मार्चला, दुपारी दीड वाजता धक्का बसला. मधली भिंत पडली. भिंतीच्या गारव्याला चिमी निजली होती.

ढिगाऱ्यातला एक मोठा तुकडा उताणा पडला होता. त्याच्यावर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक जवळजवळ शाबूत होता. तुकड्याची एक कड मात्र आजची नव्हती. बोट जाईल एवढी जुनी भेग, चिखलाने बुजवून सारवलेली. नाणं ठोकलं असतं तर पहिल्याच फटक्यात कळलं असतं.

कार्यालयात वरिष्ठांनी विचारलं, "आतून बघितलं होतं?"

मी म्हणालो, "हो. भेग नंतर पडली असणार. घरच्यांनी लग्नासाठी बुजवली, कोणाला सांगितलं नाही."

"लिहून द्या. सोमवारी, आठ एप्रिलला चौकशी आहे. घरातल्या कोणाचा तरी अंगठा आणा."

पाड्यात हे दुसऱ्याच दिवशी पोचलं. भिंत सुकीने सारवली होती. धाकल्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

४. यापूर्वी पाहणी झाली आहे काय?

उरलेली घरं संपवायला सांगितलं होतं. शुक्रवारी, ५ एप्रिलला, मी अडतिसाव्या घरापाशी उतरलो. घर झिपरूचं. दारावर आधीच फुली होती, शेजारी निळा ३८. तीनची शेपटी डावीकडे वर वळलेली. तशी मी वळवतो.

"हे कोणी केलं?"

झिपरू हसला. "घ्या! काल माझ्याकडे नाचणीची भाकर खाल्लीत, आणि आज विसरलात? सरकारचं पोट भरतच नाही काय?"

लाहूही हसला.

"काल मी डहाणूला कार्यालयात होतो," मी म्हणालो.

"असाल. इथं पण होतात." झिपरूने बिडी विझवली. "बूट बाहेर काढलेत. भिंतीला कान लावलात. माझ्या मेलेल्या बापाचं नाव विचारलंत. आधी आलात तेव्हा माझं पण विचारलं नव्हतं."

मी आत जाऊन सगळ्या भिंती ठोकल्या. फुली बरोबर होती.

एक्केचाळीस, चव्वेचाळीस, बावन्न. सगळीकडे तेच. खुणा बरोबर. प्रत्येक घरात तो आत गेलेला, चुलीमागेसुद्धा वाकून बघितलेलं. बावन्नला लाहूचं हसणं थांबलं.

कोणीतरी माझ्यावर राग काढतंय, असं मी धरून चाललो. शनिवारी कोणाला न सांगता क्रम सोडून थेट साठाव्या घरी गेलो. गोल होता. बोट लावून बघितलं. रंग ओला होता.

आमचा रंगाचा डबा कार्यालयातल्या कपाटात असतो. किल्ली माझ्याकडे. कपाट उघडलं. डबा निम्मा झाला होता.

५. इतर माहिती (आवश्यक असल्यास)

माझी बायको प्रगती बोर्डीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्या रात्री चिकू सोलताना मी तिला विचारलं, माणूस खोटं बोलतो तेव्हा आत टोचतं ते नक्की काय असतं?

"लहानपणी आपण आईबापाचं रागावणं गिळतो," ती म्हणाली. "ते आत जाऊन बसतं. पुढे आईबाप नसले तरी ते आपल्याला बघत राहतं. त्याला फसवता येत नाही. आपण लिहितो तेव्हा ते शेजारीच असतं."

"आणि त्याचं ऐकलंच नाही तर?"

"मग ते दुसरी वाट काढतं. झोप उडते, अंग दुखतं. का रे?"

"सहज."

"तुझी झोप तर छान चाललीये," ती म्हणाली. "परवा दुपारी घरी येऊन झोपलास, हाक मारली तर उठला नाहीस."

परवा दुपारी, म्हणजे गुरुवारी, मी कार्यालयात होतो. तसं मी तिला सांगितलं नाही.

६. घरमालकाचे म्हणणे

रविवार, ७ एप्रिल. दुपारचे बारा. माझ्या खिशात दोन कागद होते. एकावर अंगठ्यासाठी जागा सोडली होती: भेग आम्ही बुजवली, अभियंत्यांना सांगितलं नाही. दुसऱ्यावर दोनच ओळी होत्या: मी आत गेलो नव्हतो. 'होय' खोटं आहे. कोणता बाहेर काढायचा ते ठरलं नव्हतं.

सुकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. धाकल्या अंगणात पडलेल्या भिंतीच्या जागी लावायला कारवीचा कुड विणत होता. मला बघून दोघं थांबले.

"विसरलात काय काही?" सुकीने विचारलं.

"मला बोलायचं होतं. त्या भिंतीबद्दल."

"बोललात की. काल." ती धाकल्याकडे बघून म्हणाली, "याच्यासमोर बोललात. आत आलो नव्हतो, सुकीचा दोष नाही, म्हणालात. लिहून पण दिलंत. रडलात किती! याने पाणी दिलं तुम्हाला."

"काल संध्याकाळपासून बोलतो मी तिच्याशी," धाकल्या म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"कागद कुठाय?"

"आज सकाळी परत मागून घेतलात ना, उद्या चौकशीत द्यायला." सुकीचा हात सुपातच राहिला. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग मागे दाराकडे. "म्हणजे, आत आहात ना तुम्ही."

दारात बूट काढलेले होते. तपकिरी. डाव्या बुटाची नाडी तुटलेली, मधे गाठ मारलेली.

मी खाली बघितलं. माझ्या नाडीला गाठ होती.

लाहूनेही दोन्ही जोड बघितले. तो जीपमध्ये जाऊन बसला आणि काच वर केली.

"मला आत जाऊ दे," मी म्हणालो.

सुकी उठून दारात उभी राहिली. "नको, साहेब. पाहणी चाललीये."

मी बाजूला झालो. बाहेरच्या भिंतीला पाठ टेकली. ही भिंत मी अकरा मार्चला बाहेरून ठोकली होती. भरीव होती.

आत नाण्याचा आवाज सुरू झाला.

टक. टक. घाई नव्हती. दर वीतभर अंतरावर, खालून वर, मग पुढे. माझे वडील ठोकायचे तसं.

भरीव. भरीव. भरीव.

आवाज भिंतीतून माझ्याकडे सरकत आला.

मी वळलो. भिंतीला छाती लावली. कान लावला.

टक.

पोकळ.

पलीकडे कोणीतरी थांबलं. मग त्याच जागी, माझ्या छातीच्या उंचीवर, पुन्हा एकदा ठोकलं.

पोकळ.

मी खिशातून नाणं काढून बाहेरून त्याच जागी ठोकलं. भिंत भरीव होती.

मग आतून पेनाचा आवाज आला. 'होय' एवढा एक शब्द लिहायला लागतो तेवढाच वेळ.

७. शेरा