गाजराच्या चांदण्या

“मान उचलत नाहीये ती! मावशी, लवकर ये!” टाकीत कोपरापर्यंत हात घालून भिंगरी ओरडली.

मावशी धावत आली. जाळ्यांत अडकलेली, होड्यांनी जखमी केलेली समुद्री कासवं बरी करून परत पाण्यात सोडायची, यात तिने उभं आयुष्य घातलं होतं. कासवांचा हा दवाखाना हेच तिचं घरदार. सुट्टी लागली की भिंगरी, तिचा चष्मेवाला भाऊ प्रोफेसर आणि सतत त्यांच्या मागे मागे असणारा धाकटा शेपूट इथेच तळ ठोकायचे. एरवी नुसता धिंगाणा! यंदा मात्र कासवं दगावत गेली आणि टाक्या एकेक करून रिकाम्या झाल्या होत्या. आणि आता सगळ्यांत थोराड कासवीण, मावशीची लाडकी ‘आजीबाई’, तीही खाईना.

“पाणी बदलून बघू. भरती आलीच आहे, तेच पाणी सगळ्यांत स्वच्छ असतं.” मावशी पंपाकडे वळली. “आजीबाई गेली, की सगळंच गेलं. उद्या बंदराचे साहेब टाळं लावायला येतायत. ‘तुमच्या हातून कासवं जगत नाहीत’ म्हणतात. खरंच आहे त्यांचं.”

मावशीला हरलेलं भिंगरीने कधी पाहिलंच नव्हतं.

पंप सुरू झाला. पाइपाच्या तोंडाला कचरा गाळायची कापडी पिशवी बांधलेली असायची. तिच्याकडे बघताच भिंगरीने झटकन पंप बंद केला. कापडावर तांबडे कण!

प्रोफेसरने एक कण नखाने चिरडला. “हा रंग आहे! होड्यांच्या बुडाला देतात तो. शिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात विष घालतात!”

शेजारीच होड्या दुरुस्त करायचा कारखाना होता. दुपारी ओहोटीला तिघं तिथे थडकले. उतारावर कामगार एका होडीचं बूड खरवडत होते आणि ताडपत्रीवर तांबड्या पापुद्र्यांचा ढीग साचला होता.

“काका, याचं काय करता?”

“गाडीत भरून कचरा डेपोत पाठवतो,” मुकादम खेकसला. “चला, पळा! इथे लुडबुड नको.”

“गाडी काय उडत येते?” बाहेर पडताच प्रोफेसर म्हणाला. “उतारावर चाकाची एक खूण नाही!”

“पण आपलं ऐकणार कोण? पुराव्याशिवाय मुकादम कबूल होणार नाही!” भिंगरीला रडूच फुटलं.

शेपटाने खिशातून गाजराची चांदणी काढून तोंडात टाकली. आजीबाईला भूक लागावी म्हणून तो साच्याने गाजराच्या चांदण्या कापायचा. ती तोंड लावत नसे, मग हाच फस्त करायचा. भिंगरी डोळे पुसून त्याच्याकडे बघतच राहिली.

“शेपट्या! अजून किती आहेत?”

कामगार चहाला गेले, तेवढ्यात ओंजळभर चांदण्या ढिगात गडप झाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब कुलूप घेऊनच आले. मुकादमही मजा बघायला हजर! भरती चढली होती. भिंगरीने पाइप रिकाम्या टाकीत सोडला आणि पंप सुरू केला.

“साहेब, ही पिशवी भरेपर्यंत थांबा. पाया पडते!”

पाणी आलं. नुसतंच पाणी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मावशीने मान खाली घातली. आता काय उरलं?

“पिशवी फुगली!” शेपूट किंचाळला.

प्रोफेसरने ती फरशीवर उलटी केली. तांबडा लगदा, आणि त्यात गाजराच्या चांदण्या!

“काका, या काल तुमच्या ढिगात होत्या. कचरा डेपोतून पोहत आल्या का?”

मुकादमाचा चेहरा पडला. “भरती आली की ढकलून देतो... वाटलं, समुद्र नेतो सगळं लांब.”

“म्हणजे मी भरतीचंच पाणी घेत राहिले,” मावशी मटकन खाली बसली. “आणि कासवं आजारी पडली की आणखी घालत राहिले!” ती हुंदके देऊन रडू लागली.

साहेबांनी हातातलं कुलूप मुकादमापुढे धरलं. “चला, तुमचं फाटक दाखवा.” मग ते मुलांकडे वळले. “शाब्बास, पोरांनो! जे मी बघायला हवं होतं, ते तुम्ही बघितलंत.” त्याच दुपारी त्यांच्या लाँचने खोल समुद्रातून स्वच्छ पाण्याची पिंपं आणली.

तरीही आजीबाई कितीतरी दिवस दगडासारखी पडून होती. मावशी टाकीपासून हलायची नाही.

एका सकाळी शेपटाने सवयीने एक चांदणी पाण्यात धरली. किलकिल्या डोळ्यांनी आजीबाईने ती पाहिली. मान लांबवली. आणि कचकन तोंडात ओढली!

“मावशी!” तिघं एकदम ओरडले.

मावशीने तिघांना ओल्या हातांनीच कवटाळलं. मग म्हणाली, “शेपट्या, पळ. अजून गाजरं काप.”