चौथा नाच

लिओंतिनाचा अर्ज नामंजूर झाला. असो. तिनं अर्ज केलाच नव्हता असं धरून चालू.

ओल्तेनिया प्रांतातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी वाद्यवृंदात ती व्हायोलिन वाजवायची. संचालक गेनादिए खेड्यापाड्यांतले नाच साठ वादकांसाठी बसवत होते. तीन जमले, चौथा मिळेना. लिओंतिनानं एक गुणगुणून दाखवला.

तो तिचा नव्हता. तिच्या गावी मेलेल्याच्या नावानं जेवण घालतात, तसा नाचही देतात. वाजंत्री बोलवायचे, मेणबत्त्या घेऊन फेर धरायचा, संपलं. दिलेली चाल पुन्हा वाजवायची नाही. वाजली की त्या मेलेल्याला उठून नाचावं लागतं. ही चाल तिनं पिंटिलिएला दिली होती. तिचा मुलगा, खाणीत गेला. डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे हयातभर बाकावर बसून दुसऱ्यांचे नाच बघितले. तिथं तरी एकदा नाचू दे, म्हणून दिली. चार वर्षांनी तिला ती फक्त एकदा ऐकायची होती.

सकाळचा सराव. राळेचा आणि ओल्या कोटांचा वास. चौथा नाच सुरू झाला आणि तिसरा ठोका सगळ्यांचाच उशिरा पडला. साठही जणांचा, एकदम.

"कोण मागे राहतंय?" गेनादिए ओरडले.

"मागे राहण्यात तरी आपली एकी आहे, माएस्त्रो," मागून ओक्ताव म्हणाला. तो आणि त्याचा कॉन्ट्राबास, दोघंही जाडे.

मग फळ्यांवर पावलं ऐकू आली. दोन हलकी, एक फरफटत. लिओंतिनाचा गज थांबला.

गेनादिएंना तो उशीर आवडला. त्यांनी तो लिहूनच घेतला. रेडिओलाही आवडला. मग कारखाने, शाळा, मंत्र्यांचे सत्कार. हिवाळ्यात बेचाळीस कार्यक्रम.

फरफट लांबत गेली. तीन मिनिटांचा नाच मार्चमध्ये नऊ मिनिटांचा झाला.

"माएस्त्रो, हा एक गाळा ना."

"बाई, आता तो देशाचा आहे."

"तो दमलाय हो."

"कोण?"

ओक्तावनं चेष्टा केली नाही. त्यालाही धाप ऐकू येत होती.

एप्रिलमध्ये, भर कार्यक्रमात, पावलं तिच्यापाशी येऊन थांबली. खुर्चीच्या पाठीवर भार आला.

लिओंतिना उठून उभी राहिली.

रिकामी खुर्ची करकरली.

गेनादिएंनी डोळ्यांनीच दरडावलं: बसा.

ती बसली नाही. मग सगळे गज आपोआप वेगानं फिरले. खुर्ची हलकी झाली. दोन हलकी, एक फरफटत.

दुसऱ्या दिवशी तिनं कार्यालयात कागद दिला:

"प्रति, व्यवस्थापन. विषय: जादा खुर्ची. चौथ्या नाचातील एका सहभागी व्यक्तीचा डावा पाय अधू आहे. सदर व्यक्ती वादकांच्या यादीत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यास घटकाभर बसू देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. खुर्ची अर्जदार घरून आणेल."