दूधगंगेच्या तळाचा नकाशा

शेताला पाणी ओढणाऱ्या आमच्या मोटारीच्या पाइपावरच ती अनोळखी होडी तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा मी काठावर उतरलेच. सदलग्यात बातमी होती... नदीतले विनापरवाना पाइप काढायला माणूस आलाय.

"काय शोधताय?"

"माशांची घरं." होडीतला तरुण हसला. "मी सौरव. कणकुंबीचा. हा सोनार... आवाज पाण्यात सोडतो, परत येईल त्यावरून तळ दिसतो."

"आमच्याकडं सोनार दागिने घडवतोय."

"मग बसा होडीत. बघा, फसवतोय का."

बसले... नजर ठेवायलाच. पडद्यावर तपकिरी तळ सरकू लागला. खडक, बुडालेलं बाभळीचं झाड, जुन्या बंधाऱ्याचे दगड. माझी वेणी वाऱ्यानं त्याच्या हातावर गेली. त्यानं हात हलवला नाही... मी वेणी ओढून घेतली.

मग डोहात दोन सरळ रेषा दिसल्या. एक आमचा पाइप. दुसराही आमचाच, माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उन्हाळ्यात गुपचूप टाकलेला.

"हा दुसरा कुणाचा?"

"मला म्हाईत न्हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पडद्यावर त्या रेषेशी खूण केली आणि होडी पुढं घेतली.

रोज गोड बोलायचा, मी रोज होडीत बसायचे, आणि रोज वाटायचं, हा माझ्याकडून पाइपांची माहिती काढून घेतोय.

आठव्या दिवशी तो घरीच आला. आप्पांपुढे नकाशा पसरला. "हा उद्या मत्स्य खात्याच्या ऑफिसात देणार. आधी तुम्ही बघावा. उन्हाळ्यात मासे ह्याच डोहात तगतात, आणि दुसरा पाइप नेमका तिथं आहे."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"पुसता येतंय का?"

"येतं. पण पुसणार नाही."

माझं मन राखायला त्यानं एक रेघ पुसली असती, कुणाला कळलं नसतं. माझा संशय तिथंच संपला.

आप्पांनी नकाशातल्या त्या रेषेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "परवाना काढून डोहाबाहेर, पन्नास फूट खालच्या अंगाला सरकवला तर?"

"चालेल. अर्ज मी लिहून देतो."

फाटकापर्यंत मी गेले. "पुसलं असतंत, तर मी परत बोलले नसते."

"आप्पांना आणखी एक विचारायचं होतं, तुमच्याबद्दल," तो म्हणाला. "धीर झाला नाही."

"ते... आधी मला विचारायचं असतंय."

त्यानं विचारलं, अगदी हळू.

"व्हय," मी म्हणाले.