चौथा आलेला चॅम्पियन

चॅम्पियनने पहिल्याच फेरीत थोरल्या सख्ख्या भावाला, दादाला, टायरांच्या भिंतीत घातलं, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गंमत चालली आहे.

गंमत कसली? वळणावर दादाची कार्ट, ती बुटकी उघडी शर्यतीची गाडी, पुढे होती. चॅम्पियनने मागून सरळ धडक दिली. दादाची गाडी गरकन फिरली, भिंतीवर आदळली आणि त्याच्यासकट उलटली. तो खालून सरपटत बाहेर आला तेव्हा त्याचं नाक फुटून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं.

"आणि हे म्हणे भाजलेल्या मुलांच्या मदतीसाठी," मावशी म्हणाल्या.

मावशींना सगळं शहर मावशीच म्हणे. खाजगी तपासाचा धंदा करणारी, पन्नाशी ओलांडलेली, जिभेला हाड नसलेली ही बाई कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. शेजारी बसलेले दातांचे डॉक्टर त्यांचे भाडेकरू. शर्यतीची तिकिटं त्यांनीच काढली होती आणि मावशींना ओढून आणलं होतं.

"अहो, व्यावसायिक ड्रायव्हर आहेत. रक्तातच असतं त्यांच्या," डॉक्टर म्हणाले.

"दिसलं की रक्त. हनुवटीपर्यंत आलं होतं."

इस्पितळाच्या जळीत विभागासाठी ही शर्यत होती. एरवी मोठ्या मोटारी पळवणारे नामांकित ड्रायव्हर आज गुडघे पोटाशी घेऊन इवल्याशा कार्टमध्ये बसले होते. सगळ्यांना एकाच मापाचे ढगळ निळे ओव्हरॉल प्रत्येकी दोन दिले होते आणि प्रत्येकाचं हेल्मेट विभागातल्या एकेका मुलाने रंगवलं होतं. चॅम्पियनचं पिवळं होतं, त्यावर हिरवी मगर. लोक त्या मगरीच्या नावानेच ओरडत होते.

दादा बाद झाला. अंतिम फेरीसाठी चॅम्पियन आणि दुसरे पाच जण उरले. मधल्या सुट्टीत सगळे मैदानामागच्या आपापल्या खोल्यांकडे पांगले. पुकारा झाल्यावर मगरवाला सगळ्यांत शेवटी, धावतच आला आणि कार्टमध्ये बसला.

वळणं त्याने अशी घेतली की डॉक्टर उभे राहिले. पण सरळ रस्ता आला की दुसरे त्याला आरामात मागे टाकत. तो चौथा आला.

"धर्मकार्य आहे, म्हणून जिंकू दिलं त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"हा? जिंकू देणार?" मावशींनी भुवया चढवल्या.

शर्यत संपल्यावर प्रत्येक कार्ट ड्रायव्हरसकट वजनकाट्यावर चढते, असा या खेळाचा रिवाज आहे. डॉक्टर कौतुकाने काट्याजवळ जाऊन उभे राहिले आणि हसत परतले.

"तो फुंकर मारली तर उडेल एवढासा चॅम्पियन सगळ्यांत जड भरला हो! दोनशे दहा किलो. बरोब्बर मी दोनदा!"

"असं कसं?"

"हलक्या ड्रायव्हरच्या सीटला शिशाच्या लाद्या बांधतात. शिसं म्हटल्यावर जड भरणारच."

मगरवाला हेल्मेटही न काढता, कुणाशी न बोलता तरातरा आपल्या खोलीकडे गेला. हरल्यावर चॅम्पियन असाच वागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्याच वेळात स्टेजवर दादाने माइक हातात घेतला. नाकात कापूस, केस भिजून कपाळाला चिकटलेले, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट. त्याने मुलांना हसवायला सुरुवात केली.

बक्षिसं वाटून संपत आली आणि खोल्यांच्या बाजूने किंकाळी ऐकू आली.

चॅम्पियन त्याच्या खोलीत पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटून आत गेली होती. एक घाव नव्हता, कितीतरी होते. भिंतीवर छतापर्यंत शिंतोडे उडाले होते. शेजारी त्याची बायको गुडघ्यांवर बसलेली. हातात चाकं खोलायचा पाना, कोपरापर्यंत रक्त.

बंदोबस्तावरच्या इन्स्पेक्टरने तिला बेड्या घातल्या. त्याला दोष तरी काय द्यायचा? तिचा खालचा ओठ सकाळीच फाटलेला होता, आणि "एक दिवस मीच जीव घेईन तुझा" हे तिचं ओरडणं अर्ध्या मैदानाने ऐकलं होतं.

"मावशी, तुम्ही यात पडू नका," इन्स्पेक्टर म्हणाला. दोघांची जुनी ओळख होती. "शर्यत संपून तो खोलीत आला. त्यानंतर या दारात गेलेली एकटी हीच."

"मागचं दार?"

"उघडं होतं. पण त्याचे सगळे वैरी तेव्हा स्टेजवर नाहीतर काट्यापाशी होते. मी तपासलंय."

बायकोने मान वर केली. "मावशी, मी नाही मारलं हो. आमची पोरगी पाच वर्षांची आहे. बाप गेला, आता आईही गेली तर ती कुणाकडे बघेल?"

"हातात पाना कसा आला?"

"त्याच्या मानेवर पडला होता. मी बाजूला केला. तो श्वास घेतोय का, ते बघत होते." ती थांबली. "तुम्हाला हसू येईल. इतका मारायचा मला, तरी बघत होते."

मावशींना हसू आलं नाही. त्यांनी कोपऱ्यातलं मगरीचं हेल्मेट उचललं, आत हात घातला, आणि हात रुमालाला पुसला. मग प्रेताजवळ वाकून ओव्हरॉलच्या ढगळ बाहीतून काखेपर्यंत हात सरकवला. या वेळी रुमाल काढला नाही.

"रक्तावर साय धरलीय," त्या म्हणाल्या.

"डोक्यावर पंखा आहे ना," इन्स्पेक्टर म्हणाला.

डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. ते दाराबाहेर जाऊन ओकत होते.

कार्टचा मिस्त्री काट्यापाशीच सापडला. वाळलेला, काटकुळा माणूस.

"पाना तुझा?"

"माझाच. दुपारी हरवला. आणि माझ्या कानाखाली आवाज काढला होता त्याने, सकाळी, चारचौघांत. तेही सांगून टाकतो. पण फेरी संपल्यापासून मी इथून हललो नाही."

"कानाखाली का मारली?"

"शिशावरून. सगळ्यांना किमान एकशे ऐंशी भरावंच लागतं. हा हलका, म्हणून मी लाद्या बांधून याला बरोबर एकशे ऐंशीवर आणला. तर म्हणे, एवढं ओझं कशाला! अहो, नियम म्हणजे नियम."

"आणि जास्त भरलं तर?"

"भरू दे की. एकशे ऐंशीच्या वर गेलं की हिरवा दिवा लागतो. आकड्याकडे कोण बघतोय? जास्त वजन घेऊन पळायचं तर नुकसान ज्याचं त्याचं."

दादा स्टेजमागे पाण्याची बाटली घेऊन बसला होता. उंचीने भावाएवढाच, एकेकाळचा नावाजलेला ड्रायव्हर, आता अंगाने सुटलेला. धाकट्याला गाडी त्यानेच शिकवली होती.

"शेवटची फेरी कशी झाली?" मावशींनी विचारलं.

"पाहिली नाही. फर्स्ट-एडच्या खोलीत नाकावर बर्फ धरून पडलो होतो. एकटाच. सगळे शर्यत बघायला गेलेले."

"भाऊ चौथा आला."

"इंजिन दमलं असेल." त्याने बाटली तोंडाला लावली. "आणि नंतर मी माइकवर होतो, शेकडो लोकांसमोर. मावशी, तिला फार बोलू नका. खूप सोसलंय तिने. रागाच्या भरात होऊन जातं माणसाच्या हातून."

"होतं खरं," मावशी म्हणाल्या आणि तडक इन्स्पेक्टरकडे गेल्या. "सगळ्यांना काट्यापाशी बोलवा. चॅम्पियनची कार्टही आणा. तिला कुणी हात लावलेला नाही ना?"

"सील केलीय. पण कशासाठी?"

"डॉक्टरांच्या वजनासाठी."

सगळे काट्याभोवती जमले. बायकोच्या हातात बेड्या तशाच होत्या.

"आपण आज शेवटच्या फेरीत चॅम्पियनला पाहिलंच नाही," मावशींनी सुरुवात केली. "आपण मगर पाहिली. हेल्मेट कुणाच्याही डोक्यावर बसतं आणि ओव्हरॉल तर सगळ्यांचे सारखेच."

"म्हणजे?" डॉक्टर.

"हेल्मेट आतून घामाने निथळत होतं. एवढी फेरी मारून आलेल्या माणसाची काख, गंजी ओलीचिंब हवी. प्रेताची काख कोरडी ठणठणीत होती. रक्तावर साय आली होती. तो शर्यतीनंतर मेला नाही, साहेब. मधल्या सुट्टीत मेला. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तो खोलीत थंड पडत होता."

इन्स्पेक्टरने वही उघडली.

"पुकारा झाल्यावर चॅम्पियन आला नसता तर कुणीतरी बोलवायला गेलं असतं आणि खुनी तिथेच सापडला असता. म्हणून त्याने आपला दुसरा, स्वच्छ ओव्हरॉल घातला, मेलेल्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि त्याच्या जागी जाऊन बसला. शर्यत संपताच हेल्मेट खोलीत टाकलं आणि मागच्या दाराने निसटला. वळणं झकास घेतली, म्हणजे व्यावसायिकच. सरळ रस्त्यावर मागे पडला, म्हणजे गाडीत नको तितकं वजन. डॉक्टर, तुम्ही म्हणालात शिशामुळे जड भरला. अहो, शिसं बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी असतं, पुढे नेण्यासाठी नाही! त्या लाद्या हलक्या माणसासाठी होत्या. त्यांच्यावर जड माणूस बसला. दोनशे दहा."

"पण लाद्या काढल्या का नाहीत मग?" मिस्त्रीने विचारलं.

"आठवलंच नाही. आयुष्यात कधी ज्याला शिसं लागलं नाही, त्याला ते सीटखाली आहे हे सुचणार कसं? चॅम्पियन पुन्हा शिशावरून भांडला असता. हा मुकाट्याने बसला." मावशी वळल्या. "बाकीचे पाच जण आपापल्या गाडीत होते. मिस्त्री काट्यापाशी. एकच ड्रायव्हर असा, ज्याला त्या वेळात कुणी पाहिलं नाही. दादा, हेल्मेट घाला आणि बसा बरं गाडीत."

दादा हसला. "काहीतरीच काय!"

"काहीतरीच असेल तर बसायला काय जातं?"

इन्स्पेक्टरने नुसता हात कार्टकडे केला. दादा बसला. आकडे भराभर चढले, घुटमळले आणि दोनशे दहावर थांबले.

दादाने हेल्मेट उपसून काढलं आणि थेट इन्स्पेक्टरच्या तोंडावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मिस्त्री पुढे झाला, त्याला त्याने गळा धरून काट्याच्या लोखंडी कडेवर आपटलं. तेवढ्यात डॉक्टर, आयुष्यात दाताशिवाय काही न उपटलेले डॉक्टर, आपल्या सगळ्या वजनानिशी त्याच्या पाठीवर पडले. तीन शिपायांनी मिळून त्याचे हात मागे बांधले. फर्स्ट-एडच्या खोलीत बर्फाच्या पेटीखाली दादाचे दोन्ही ओव्हरॉलही मिळाले, एक रक्ताळलेला आणि एक घामाने भिजलेला.

"तुझ्यासाठी केलं मी!" जमिनीला गाल टेकलेला दादा बायकोकडे बघून ओरडला. "मी जाब विचारायला गेलो. तो म्हणाला, गाडीत तुला हरवतो, घरात तिला बडवतो, तू काय करणार आहेस? तुझे हाल बघवत नव्हते मला!"

ती पुढे आली. शिपाई तिची बेडी काढत होता, एक हात सुटला होता.

"माझ्यासाठी?" ती हळू आवाजात म्हणाली. "सात वर्षं तुम्ही शेजारच्या खोलीत होतात, भाऊजी. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एकदाही दार वाजवलं नाहीत. आज त्याने तुम्हाला लोकांसमोर पाडलं, तेव्हा बरं माझे हाल आठवले."

"तसं नाही..."

"आणि मला बेड्या पडल्या तेव्हा? समोर बसून पाणी पीत होतात. पोरगी आईविना वाढली असती, तेही चाललं असतं तुम्हाला."

दादाने उठायचा प्रयत्न केला. शिपायांनी त्याला गुडघ्यांवर धरून ठेवलं.

तिने सुटलेल्या हाताने त्याच्या फुटक्या नाकावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. रक्ताची धार लागली. शिपाई इन्स्पेक्टरकडे बघू लागले. इन्स्पेक्टर रुमालाने आपलं तोंड दाबून दुसरीकडे पाहत होता.

मग ती थांबली. मिस्त्रीकडून फडकं घेऊन तिने हात पुसले आणि ती पोरीला न्यायला गेली.